व्हर्सायची बाग पायी पाहताना

व्हर्साय म्हटलं की आपल्याला शाळेतला १९१९ चा तह आठवतो, नाहीतर पॅरिसला जाऊन आलेल्या नातेवाइकांचे आरसेमहालातले फोटो. बाग मात्र बहुतेकांची राहून जाते. सहलीची बस दोन-तीन तास थांबते, ते रांगेत आणि दालनांत संपतात. मग राजवाड्यामागच्या गच्चीवरून एक नजर टाकायची, फोटो काढायचा आणि बसकडे पळायचं. माझं मत यावर ठाम आहे: व्हर्सायला एकच गोष्ट नीट पाहता येणार असेल, तर बाग पाहा. सोनेरी छतं आणि झुंबरं युरोपात इतरत्रही आहेत. बरोक काळातल्या, म्हणजे सतराव्या शतकाच्या आसपासच्या, बागेची कल्पना इतक्या मोठ्या प्रमाणावर आणि इतक्या पूर्णपणे उतरलेली जागा दुसरी सापडणं कठीण.

ही बाग कशी पाहावी हे ती घडवून घेणाऱ्या फ्रान्सच्या राजाने, खुद्द चौदाव्या लुईने, लिहून ठेवलंय. १६८९ ते १७०५ या काळात त्याने पाहुण्यांना बाग दाखवण्याच्या सूचना वेळोवेळी लिहिल्या. त्यांत वर्णन जवळजवळ नाही. इथून निघा, इथे थांबा, आता डावीकडे वळा, आता मागे वळून राजवाड्याकडे पाहा, एवढंच. कारण ही बाग क्रमाने चालत पाहण्यासाठीच रचलेली आहे. खालचा मार्ग साधारण राजाच्याच वाटेने जातो. आज नसलेल्या जागा गाळल्या आहेत, आणि आपल्या पायांचा व डब्याचा विचार मी मध्ये घातला आहे.

दिवस निवडताना

सगळ्यात महत्त्वाचा निर्णय हाच, कारण इथली कारंजी रोज चालत नाहीत. साधारण एप्रिल ते ऑक्टोबर हा हंगाम. त्यात शनिवारी आणि रविवारी, आणि काही काळ मंगळवारीही, ठरावीक वेळेत पाणी सोडतात. हंगामातल्या इतर काही दिवशी फक्त संगीत चालू असतं आणि बोस्के उघडे असतात. बोस्के म्हणजे झाडांच्या उंच भिंतींआड दडवलेल्या, कारंज्यांच्या आणि शिल्पांच्या मोकळ्या जागा. या दोन्ही प्रकारच्या दिवशी बागेला तिकीट लागतं. उरलेल्या दिवशी बाग फुकट असते, पण तेव्हा बोस्के बंद असतात आणि पाणीही नसतं. वाचलेले पैसे पाहून फुकटचा दिवस निवडणाऱ्यांना अर्धी बाग कुलूपबंद मिळते. इतक्या लांब आल्यावर पाण्याचाच दिवस निवडा. तारखा आणि वेळा दरवर्षी थोड्या बदलतात, त्यामुळे विमानाचं तिकीट काढण्याआधी राजवाड्याच्या अधिकृत संकेतस्थळावर त्या वर्षाचं वेळापत्रक बघून घ्या.

महिन्यांत मला मे अखेर, जून आणि सप्टेंबर पसंत आहेत. तेव्हा नारंगीची झाडं बाहेर मांडलेली असतात, दिवस मोठा असतो आणि ऊन सोसवतं. जुलै-ऑगस्टमध्ये गच्चीवरची पांढरी खडी तापते आणि सावली दूर असते. हिवाळ्यात संगमरवरी पुतळे थंडीपासून जपण्यासाठी आच्छादनांत गुंडाळलेले असतात. बागेची आखणी पानगळीनंतर स्पष्ट दिसते हे खरं, पण पहिल्या भेटीसाठी तो काळ नको.

वाराचंही गणित आहे. सोमवारी राजवाडा बंद असतो, बाग उघडी असते. मंगळवारी पॅरिसचं लूव्र संग्रहालय बंद असल्यामुळे तिथली गर्दी इकडे वळते. राजवाडाही पाहायचा असेल तर मंगळवार टाळा.

तिकीट आणि प्रवास

राजवाडा, त्रियानाँ (बागेपलीकडचे छोटे राजवाडे) आणि बाग असं सगळं पाहायचं असेल तर एकत्रित ‘पासपोर्ट’ तिकीट मिळतं, आणि पाण्याच्या दिवशी त्यातच बागेचा प्रवेश येतो. फक्त बागेचं तिकीटही वेगळं मिळतं. पॅरिस म्युझियम पास घेतला असेल तर एक लक्षात ठेवा: त्यात राजवाडा येतो, पाण्याच्या आणि संगीताच्या दिवसांचं बागेचं तिकीट येत नाही. ते स्वतंत्र काढावं लागतं. तिकीट दिवस संपेपर्यंत जपा. बागेतून त्रियानाँकडे किंवा कालव्याकडे बाहेर पडलात तर परत आत येताना ते दाखवावं लागतं.

पॅरिसहून तीन गाड्या आहेत. आर-ई-आर सी मार्गाची गाडी ‘व्हर्साय शातो रिव्ह गोश’ स्थानकावर सोडते, तिथून राजवाडा दहा मिनिटांवर. या मार्गाला बरेच फाटे आहेत, म्हणून चढण्याआधी फलाटावरच्या फलकावर याच स्थानकाचं नाव आहे ना ते बघा. माँपार्नासहून सुटणारी एन मार्गाची गाडी ‘व्हर्साय शाँतिए’ला जाते, सँ-लाझारहून एल मार्गाची ‘व्हर्साय रिव्ह द्र्वात’ला. या दोन्ही ठिकाणांहून थोडं जास्त चालावं लागतं. तुमचा मुक्काम ज्या स्थानकाच्या जवळ असेल ती गाडी घ्या.

बाग सकाळी आठला उघडते, आणि सकाळी ती जवळजवळ रिकामी असते. राजवाड्याची वेळ आधी आरक्षित करून ती पहिलीच घ्या आणि अकराच्या आत बागेत या, किंवा राजवाडा दुपारी चारनंतरचा ठेवा. मधले तास बागेचे. बागेत शिरण्यासाठी राजवाड्याच्या रांगेत उभं राहावं लागत नाही, हे पुष्कळांना माहीत नसतं आणि उन्हात तासभर जातो.

पायांत सपाट, सवयीचे बूट हवेत. वाटा खडीच्या आहेत आणि दिवसभरात आठ-दहा किलोमीटर सहज होतात. नुसती बागच ७७ हेक्टर आहे, आणि कालवा व पलीकडचं उद्यान धरून सगळी मालमत्ता सुमारे ८०० हेक्टर.

चालायला लागण्याआधी पाण्याची गोष्ट

इथे जरा थांबतो, कारण ही गोष्ट ठाऊक असेल तर कारंजी वेगळ्या नजरेने दिसतात.

व्हर्साय उंचावर आहे आणि जवळ मोठी नदी नाही. तेराव्या लुईने १६२३ मध्ये इथे शिकारीसाठी छोटं घर बांधलं, तेव्हा पाण्याची फिकीर नव्हती. त्याच्या मुलाने, चौदाव्या लुईने, १६६१ पासून तिथे बाग करायला घेतली आणि शेकडो कारंजी मागितली. आंद्रे ल नोत्र या माळ्याच्या घराण्यातल्या माणसाने आखणी केली, फ्रान्सीन या मूळच्या इटालियन घराण्याने नळ आणि कारंजी बसवली. आसपासची तळी जोडली, चर खणले, तरी पाणी पुरेना. मग १६८१ ते १६८४ मध्ये सेन नदीवर मार्लीचं यंत्र उभं राहिलं. त्याची १४ प्रचंड चाकं आणि दोनशेहून अधिक पंप नदीचं पाणी सुमारे दीडशे मीटर वर चढवत. तेही कमी पडलं, म्हणून १६८५ मध्ये यूर नदी वळवून आणण्याचं काम सुरू झालं. हजारो सैनिक त्यावर जुंपले, अनेक जण तापाने दगावले, आणि १६८८ मध्ये युद्ध सुरू झाल्यावर ते काम कायमचं थांबलं. मँतनोँ गावात त्या जलसेतूच्या अर्धवट कमानी अजून उभ्या आहेत.

सगळी कारंजी एकाच वेळी पूर्ण दाबाने चालवणं म्हणूनच राजालाही परवडत नव्हतं. राजा ज्या हौदाजवळ येई तिथला कारंजेवाला शिट्टी ऐकून पाणी सोडायचा, राजा पुढे गेला की बंद करायचा. आजही कारंजी मुख्यतः उंचावरच्या टाक्यांतून उताराने येणाऱ्या पाण्यावर चालतात. जमिनीखाली तीसहून अधिक किलोमीटरचं नळांचं जाळं आहे आणि त्यात सतराव्या शतकातले ओतीव लोखंडी नळ अजून कामात आहेत. वापरलेलं पाणी कालव्यात उतरतं, तिथून पुन्हा वर चढवलं जातं. काही कारंजी थोड्या थोड्या वेळाने का चालू-बंद होतात, याचं कारण या मर्यादित पाण्यात आहे. म्हणून प्रवेशद्वारावर मिळणारा त्या दिवसाचा नकाशा आणि वेळांचं पत्रक घ्याच, आणि कुठला हौद किती वाजता चालू होतो त्यावर पेनने खुणा करा.

गच्ची ते लातोना

राजवाड्याच्या मागच्या बाजूच्या मधल्या दारासमोर, बरोबर मध्यरेषेवर उभे राहा. फोटो नंतर. समोर दोन मोठे सपाट हौद आहेत, त्यांच्या काठांवर फ्रान्सच्या नद्यांचे पितळी रंगाचे ब्राँझ पुतळे पहुडलेले आहेत. या हौदांचं मुख्य काम आकाश आणि राजवाडा यांचं प्रतिबिंब धरण्याचं. त्यापलीकडे एकदम कालवा दिसतो. मधलं जवळजवळ सगळं गायब असतं. जमीन उताराची आहे आणि ल नोत्रने तिचा असा उपयोग केला आहे की पुढची प्रत्येक जागा तुम्ही तिच्या काठावर आल्यावरच उघडते.

सरळ चालत पायऱ्यांच्या माथ्यावर या. आता खाली लातोनाचा हौद दिसतो. गच्चीवरून त्याचा मागमूसही नव्हता. लातोना ही अपोलो आणि डायना या जुळ्यांची आई. तहानेलेल्या तिला लिकियाच्या गावकऱ्यांनी तळ्याचं पाणी पिऊ दिलं नाही, तेव्हा ज्युपिटरने त्यांचे बेडूक केले, अशी ती रोमन कथा. मार्सी बंधूंनी घडवलेल्या या शिल्पात कुणी अर्धा माणूस अर्धा बेडूक आहे, कुणी पूर्ण बेडूक, आणि सगळ्यांच्या तोंडातून तिच्या दिशेने पाणी उडतं. आधी तिचं तोंड राजवाड्याकडे होतं. १६८७ नंतर राजाचा वास्तुकार आर्दुअँ-माँसार याने संगमरवराची चळत रचून तिला वर चढवलं आणि कालव्याकडे वळवलं. राजाची सूचना आहे की इथे थांबून खालचं सगळं पाहा आणि मग मागे वळून राजवाडा पाहा. ती पाळा.

नारंगीची बाग वरूनच पाहा

लातोनाकडे लगेच उतरू नका. डावीकडे, म्हणजे दक्षिणेला वळा. फुलांचे वाफे ओलांडले की कठड्याशी येता, आणि खाली ओरांजरी दिसते. माँसारने १६८४ ते १६८६ मध्ये बांधलेली ही नारंगीच्या झाडांची हिवाळ्यातली वास्तू. दोन्ही बाजूंना शंभर शंभर पायऱ्यांचे जिने आहेत आणि ज्या गच्चीवर तुम्ही उभे आहात ती या वास्तूचंच छप्पर आहे. जाड भिंती आणि दक्षिणेचं ऊन यांमुळे आतली हवा गोठत नाही. मेच्या मध्याला लाकडी पेट्यांतली हजाराहून अधिक झाडं बाहेर काढून ओळीत मांडतात आणि ऑक्टोबरात परत आत नेतात. नागपूरच्या संत्र्यांच्या मुलखातल्या माणसाला एवढ्या झाडांची अशी ने-आण पाहून नवल वाटेल. उत्तर फ्रान्सच्या थंडीत नारंगी जगवणं हाच इथे राजवैभवाचा पुरावा होता.

दक्षिणेकडचे बोस्के

इथून उतरून नृत्याच्या बोस्केत जा. दगड आणि शिंपल्यांच्या पायऱ्यांवरून पाणी उतरतं, समोर हिरवळीच्या पायऱ्या बसायला, मध्ये नाचाची जागा. शिंपले आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून आणि मादागास्करहून आणलेले. ल नोत्रने १६८० ते १६८३ मध्ये केलेली ही जागा पाणी चालू असतानाच पाहा. कोरडी असेल तर वेळ बघून परत या.

पुढे वाटांच्या चौकांत बॅकस आणि सॅटर्न यांचे हौद लागतात. हे शरद आणि हिवाळा. उत्तरेकडच्या दोन चौकांत वसंताची फ्लोरा आणि उन्हाळ्याची सेरेस आहेत. चार ऋतू हरवलेल्या माणसाला दिशा दाखवतात, म्हणून त्यांची नावं लक्षात ठेवा. मोबाइलच्या नकाशापेक्षा मला हे सोपं वाटतं. जवळच आरशाच्या हौदात संगीताच्या तालावर पाणी नाचतं आणि मुलं तिथे खूश असतात.

मग माँसारची १६८५ ची कोलोनाद. ३२ संगमरवरी खांबांचं वर्तुळ, कमानींखाली कारंजी, मध्ये जिरार्दाँने घडवलेलं प्लूटोने प्रोसर्पिनाला पळवून नेल्याचं शिल्प. या शिल्पाला पुढची बाजू नाही. एक पूर्ण प्रदक्षिणा घाला, प्रत्येक पावलाला देहांची पकड बदलते.

अपोलो आणि कालवा

आता मधल्या हिरव्या पट्ट्यावर या. तो ३३५ मीटर लांब, ४० मीटर रुंद. दोन्ही बाजूंच्या संगमरवरी शिल्पांवरून घाईने जाऊ नका. वरच्या गच्चीच्या परिसरातल्या अनेक पुतळ्यांची मागणी १६७४ साली नोंदवली गेली, रायगडावर राज्याभिषेक झाला त्याच वर्षी. राजाचा चित्रकार ल ब्रँ याच्या रेखाटनांवरून २४ पुतळे ठरले: चार ऋतू, चार प्रहर, चार खंड, चार महाभूतं, माणसाच्या चार प्रकृती आणि काव्याचे चार प्रकार. ही यादी जवळ असली की पुतळे ओळखण्याचा खेळ घरातल्या मोठ्यांनाही रंगवतो.

पट्ट्याच्या टोकाला ट्यूबीने १६६८ ते १६७१ मध्ये घडवलेला अपोलो. सोनेरी मुलाम्याच्या शिशाचा रथ आणि घोडे पाण्यातून वर येतात. सूर्य पूर्वेहून पश्चिमेला जातो, हा सूर्यदेव मात्र पश्चिमेकडून निघून राजवाड्याकडे येतो. राजाला सूर्य म्हणवून घ्यायचं होतं, तेव्हा रथ कुठे निघाला आहे हे उघड आहे. इथून मागे वळून पाहा. राजवाड्यापासून जवळपास एक किलोमीटर आलात आणि आता लातोना, पायऱ्या आणि राजवाडा एकावर एक रचलेले दिसतात.

पुढे मोठा कालवा, १६७० मीटर लांब आणि ६२ मीटर रुंद. राजाच्या काळी इथे छोटी जहाजं आणि व्हेनिसच्या गोंडोला होत्या. आज वल्ह्यांच्या होड्या भाड्याने मिळतात, सायकलीही. डबा खायची जागा हीच: बागेत जमिनीवर बसून खायला परवानगी नाही, कालव्याकडच्या उद्यानातल्या हिरवळीवर आहे. शाकाहारी असाल तर पोळीचे रोल, ठेपले, पराठे बरोबर ठेवा. आसपासच्या उपाहारगृहांत पर्याय कमी आणि भाव चढे असतात. पाण्याची बाटली भरलेली असू द्या आणि स्वच्छतागृह दिसेल तिथे वापरून घ्या, पुढचं लांब असतं.

बरोबर आजी-आजोबा असतील तर राजवाडा, त्रियानाँ आणि कालवा यांच्यात फिरणारी छोटी गाडी आहे. त्यांना गच्चीवरून सगळं दाखवून गाडीने कालव्यावर आणा आणि तुम्ही बोस्केमधून चालत या.

त्रियानाँ आणि राणी मारी आंत्वानेतचं खेडं दुपारी बाराला उघडतं. सुंदर आहे, पण त्याला आणखी तीन तास हवेत. एकाच दिवसात कारंजी आणि त्रियानाँ दोन्ही घेतलं तर दोन्ही अर्धवट होतं. माझ्या मते पहिल्या भेटीत ते सोडा.

परतीची वाट उत्तरेकडून

कालव्याकडून परतताना एन्सेलाडचा बोस्के चुकवू नका. देवांशी लढलेला राक्षस एटना पर्वताखाली गाडला गेला आहे, फक्त डोकं आणि हात दगडांतून वर आलेले. त्याच्या तोंडातून २५ मीटर उंच पाणी उसळतं. गास्पार मार्सीचं हे काम, १६७५ ते १६७७ मधलं. बागेतलं सगळं मोजूनमापून असताना इथे अचानक किंकाळी आहे, आणि हे माझं सगळ्यात आवडतं शिल्प.

पुढे जलनाट्याचा बोस्के. जुना अठराव्या शतकातच मोडला गेला. २०१५ मध्ये लुई बनेश यांनी त्या जागी नवी बाग आखली आणि झाँ-मिशेल ओतोनिएल यांनी सोनेरी काचमण्यांची कारंजी केली. त्यांच्या वळणांत चौदाव्या लुईच्या काळातल्या नृत्यलिपीच्या, म्हणजे नाचाची पावलं कागदावर लिहिण्याच्या पद्धतीच्या, रेषा आहेत. काहींना हे आधुनिक काम इथे खटकतं. मला ते योग्य वाटतं, कारण ही बाग कधीच एका रूपात थांबलेली नव्हती. १७७४ नंतर तिची सगळी झाडं तोडून नवी लावली गेली, आणि डिसेंबर १९९९ च्या वादळात हजारो झाडं पडल्यावर पुन्हा लागवड झाली. तुम्ही पाहता ती आखणी ल नोत्रची आहे, झाडं बरीचशी आपल्या काळातली.

शेवटी उत्तरेच्या टोकाला ड्रॅगनचा हौद, ज्याची धार २७ मीटर चढते, आणि त्यामागे ९९ धारांचा नेपच्यून. दुपारच्या सत्राचा शेवट बहुधा इथेच होतो. पंधरा मिनिटं आधी पोहोचा आणि हिरवळीच्या उतारावर जागा धरा. मग ब्राँझच्या लहान मुलांनी डोक्यावर तबकं धरलेल्या जलवाटेने वर चढलात की राजवाड्याच्या उत्तर कोपऱ्यावर येता. उन्हाळ्यातल्या शनिवारी रात्री दिव्यांत कारंजी आणि शेवटी आतषबाजीही असते, पण तिचं तिकीट वेगळं, आणि परतीच्या गाडीची वेळ आधीच बघून ठेवावी लागते.

हाताशी आणखी एक दिवस असेल तर व्हो-ल-व्हिकोंतला जा. अर्थमंत्री निकोला फुकेसाठी ल नोत्रने व्हर्सायच्या आधी केलेली ती बाग. १७ ऑगस्ट १६६१ ला फुकेने तिथे राजाला मेजवानी दिली, ५ सप्टेंबरला राजाने त्याला अटक करवली आणि त्याचे कलावंत व्हर्सायला आणले. तिथे गर्दी फार कमी असते. पॅरिसच्या गार द लेस्तहून पी मार्गाची गाडी व्हेर्नोय-लेताँपर्यंत जाते, तिथून राजवाड्याची बस असते. ती हंगामात ठरावीक दिवशीच धावते, म्हणून तिची वेळ आदल्या दिवशीच पाहून निघा.